उताऱ्याला उतारा

"मामा, उतारा वाचायचा नसतो."

साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन सांगलीला बहिणीकडं गेलो होतो. भडंगाची ताटली पुढ्यात आली आणि ताटलीमागोमाग दहावीतला भाचा आला. हातात इंग्रजीची सराव कृतिपत्रिका. बहीण आतूनच म्हणाली, "दादा, तेवढं याचं इंग्रजी बघ की." मी चष्मा पुसला, उताऱ्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो, तर चिरंजीवांनी माझं बोट उचलून बाजूला ठेवलं. वर हे वाक्य ऐकवलं.

"मग काय करायचं असतं?"

"प्रश्न वाचायचे. ते पण सगळे नाहीत."

पुढची वीस मिनिटं मी विद्यार्थी होतो. प्रश्नातला ठळक शब्द धरायचा, शक्यतो कॅपिटल अक्षराचा, कारण तो लांबून दिसतो. तोच शब्द उताऱ्यात हुडकायचा. सापडला की मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत सगळं उतरवून काढायचं. ("उतरवायचं असतं म्हणूनच उतारा म्हणतात, मामा!") चूक की बरोबर विचारलं आणि वाक्यात 'ओन्ली', 'ऑल' किंवा 'नेव्हर' दिसलं, तर डोळे मिटून 'फॉल्स'. जाळं पूर्ण करा म्हटलं, तर उताऱ्यातले स्वल्पविराम बघायचे. एका ओळीत दोन स्वल्पविराम आणि एक 'अँड' सापडला की चार गोल भरले. राहता राहिला शेवटचा प्रश्न, तुमचं स्वतःचं मत. ते क्लासच्या सरांनी दिलेलं आहे. "आय थिंक इट इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ. वुई ऑल शुड फॉलो इट." झाडं लावण्यापासून हुंड्यापर्यंत कुठल्याही विषयाला चालतं. हुंड्याला थोडं जास्तच चालतं, पण तेवढं तपासणारे बघत नाहीत.

उतारा होता दीपगृहाच्या राखणदाराचा. भाच्यानं सात मिनिटांत सोडवला. मी तपासला. दहापैकी आठ.

"बाळा, यातला हा लाइटहाऊस कीपर कोण रे?"

"विकेटकीपर असंल."

"तो एकटाच समुद्रात मनोऱ्यावर राहतोय असं तूच लिहिलंयस. विकेटकीपर एकटा मनोऱ्यावर काय करतोय?"

त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "त्याला मार्क नाहीत, मामा."

तुम्हाला वाटेल, मामा भाच्याची बदनामी करतोय. तर तुम्हीच परीक्षेला बसा. हा घ्या उतारा, आणि तोही मायमराठीत:

काल तिन्हीसांजेला एक झिंबळं वारोट्यात घुमाटलं. वारोटं फार चिंगाट असल्यामुळं झिंबळ्याला लोचर आली. मग त्यानं गुलमं, ठिसकी, वांभोळं आणि चिपरू गोळा करून वारोटं बुजवलं.

प्रश्न पहिला, झिंबळं कशात घुमाटलं? वारोट्यात. प्रश्न दुसरा, झिंबळ्याला लोचर का आली? वारोटं फार चिंगाट असल्यामुळं. प्रश्न तिसरा, झिंबळ्यानं काय काय गोळा केलं? चार गोल, चार उत्तरं. चौथा, 'वारोटं मुळीच चिंगाट नव्हतं', चूक की बरोबर? चूक. पाचवा, तुमच्या घरी झिंबळं घुमाटलं तर काय कराल? आय थिंक इट इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ.

अभिनंदन. तुम्ही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालात. झिंबळं म्हणजे काय ते मलाही माहीत नाही, मी आत्ताच बनवलंय.

आता थोडा हिशेब. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आज दहावीत बसलेल्या पोराच्या पदरात इंग्रजीची अख्खी दहा वर्षं पडलेली असतात. दहा वर्षांत द्राक्षाची बाग लावून, फळ खाऊन, म्हातारी करून उपटायचा विचार सुरू होतो. आपलं पोर मात्र अजून कॅपिटल अक्षर हुडकतंय.

परीक्षा मंडळाचा हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? घोकंपट्टी थांबावी म्हणून प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका केली. ८० गुणांच्या लेखी पेपरात पाठ्यपुस्तकातले दोन आणि बाहेरचा एक असे दहा-दहा गुणांचे उतारे ठेवले. आधी सोपी माहिती, मग जरा आडवळणाची, मग शब्द, मग व्याकरण, शेवटी स्वतःचं मत, अशी शिडीच लावून दिली. शिडी चढत पोरानं माडीवर जावं अशी कल्पना. आपण शिडी आडवी टाकली आणि तिच्यावरून चालत पलीकडं गेलो. पूर्वी उत्तरं पाठ करायचे, आता उत्तर हुडकायची कृती पाठ करतात. प्रगतीच म्हणायची.

आणि याचा दोष एकट्या मास्तरांच्या माथी मारू नका. वर्गात साठ पोरं, वर्षात अनेक सर्वेक्षणं, निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे असा वरून दट्ट्या. अशा वेळी 'लेखक काय म्हणतोय ते बघू या' म्हणणारा मास्तर वेडा ठरतो आणि 'पूर्णविराम ते पूर्णविराम' सांगणारा आदर्श.

हे दुखणं फक्त आपलं आहे म्हणून कुणी कृष्णेच्या घाटावर रडत बसू नये. तिकडं चीनमध्ये २००१ पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं करायला सुरुवात झाली. कॉलेजच्या प्रवेशाची त्यांची गाओकाओ नावाची परीक्षा ७५० गुणांची, त्यात १५० इंग्रजीचे आणि त्यातला मोठा घास उताऱ्यांचा. तिथली पोरंही काय करतात? आधी प्रश्न वाचतात, प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतात आणि चार पर्यायांतले तीन खोडतात. सीमेवर दोन देशांचं एकमत व्हायला चर्चेच्या किती फेऱ्या लागल्या ते आपण पाहिलं. उतारा न वाचण्यावर मात्र चर्चेविनाच एकमत आहे. जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी घातली. तसा हुकूम इथं निघाला, तर सांगलीच्या विश्रामबागेतल्या, क्लासच्या पाट्यांनी झाकलेल्या निम्म्या इमारतींना पहिल्यांदाच स्वतःचा रंग दिसेल.

गंमत अशी, की 'तुमच्या शब्दांत लिहा' या प्रश्नाचं सगळ्यात भारी उत्तर ज्यांनी दिलं, ती माणसं सातारा-सांगली याच दोन जिल्ह्यांतली.

कऱ्हाडजवळचं टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. त्यांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' वाचलं आणि १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं. पुढं इंग्रजीतून मिल आणि स्पेन्सर पचवून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि महाराष्ट्राला असं काही सुनावलं, की लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. याला म्हणतात वैयक्तिक प्रतिसाद. आता टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते. टेंभूचं पाणी पंपानं चढवून सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत नेता आलं. टेंभूचं वाचन चढवायचा पंप मात्र अजून टेंडरमध्येच आहे.

सांगलीच्या शेजारचं हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचं. त्यांनी 'ऑथेल्लो' वाचला आणि त्याचा 'झुंजारराव' केला. व्हेनिसचा सेनापती उचलून इथल्या मातीत असा उभा केला, की प्रेक्षकांना तो आपल्यातलाच वाटला. आज देवल दहावीला बसले तर? पात्राचं नाव उताऱ्याप्रमाणं नाही, एक गुण कमी. गाव उताऱ्याप्रमाणं नाही, आणखी एक गुण कमी. शेरा: 'उत्तर उताऱ्यात सापडत नाही.'

१९१९ साली तर या पट्ट्यात जणू मुहूर्तच लागला होता. त्या वर्षी सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, जी पुढं १९२४ मध्ये साताऱ्याला आली. विलिंग्डनला ऑक्सफर्डहून परतलेले वि. कृ. गोकाक प्राचार्य होते. शिकवायचे इंग्रजी, पण पुढं १९९० चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड साहित्यासाठी. कर्मवीर स्वतः मॅट्रिकचा उंबरा ओलांडू शकले नाहीत, पण हजारो पोरांना त्यांनी तो ओलांडायला लावला. इंग्रजी वाचायचं आणि आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी काहीतरी करायचं, हा इथला जुना रिवाज. आम्ही त्यात किरकोळ दुरुस्ती केली. इंग्रजी वाचायचं नाही आणि मराठीत काही करायचं नाही. समतोल साधला.

कारण मराठीची गोष्ट आणखी न्यारी. 'असर' नावाची ग्रामीण पाहणी असते. तिच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वर्षांची मुलं तपासली. इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी ५७ टक्के. वाचणाऱ्यांतली सुमारे पाऊण त्या वाक्यांचा अर्थ सांगू शकली. ही झाली बातमी. तिच्या शेजारचा आकडा कुणी वाचत नाही, त्यात कॅपिटल अक्षर नसावं: चौघांतल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पुस्तकातला मजकूर सरळ वाचता येत नव्हता. म्हणजे पाया खचलाय मातृभाषेचा आणि आपण गच्चीवर इंग्रजीची टाकी चढवतोय.

मग त्यावर तोडगा निघाला, सेमी इंग्रजी! गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. भाच्याला विचारलं, "फोटोसिंथेसिस म्हणजे काय?" त्यानं स्पेलिंगसकट व्याख्या म्हणून दाखवली. "मराठीत सांग." "प्रकाशसंश्लेषण." "म्हणजे काय?" गप्प. त्याचा तरी काय दोष? मराठी शब्दही असा घडवलाय, की त्याचं पुन्हा मराठीत भाषांतर करावं लागतं. अंगणातली तुळस उन्हात आपला स्वयंपाक करते, एवढं त्याला कुणी सांगितलंच नाही. सेमी म्हणजे अर्धं, हे मात्र त्याला पक्कं कळलं होतं.

बरं, सगळ्यांची सुरुवात तरी एका ओळीवरून होते का? एकाच सातारा जिल्ह्यात पाचगणी आहे आणि माणही आहे. पाचगणीच्या बोर्डिंगात इंग्रजीत स्वप्नं पडायची सोय इंग्रजांच्या काळापासून आहे. फ्रेडी मर्क्युरी नावाचा पुढं जगभर गाजलेला गायक तिथंच शिकला. माणमधलं पोर एसटी चुकली तर शाळा चुकवतं. इकडं जतच्या सीमेवर घरी कन्नड, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि चौथ्या तासाला दीपगृहाचा राखणदार. सगळ्यांना उतारा एकच. समान संधी म्हणतात ती हीच.

आता आबांची गोष्ट सांगतो. आबा म्हणजे बहिणीचे सासरे. तासगावकडं द्राक्षबाग. शिक्षण चौथी. त्याच दिवशी ते गावाकडून आले होते आणि कोचवर बसून एक कागद वाचत होते. तोही उताराच. सातबाराचा!

शेजारच्या गावात अर्धा एकर निघाला होता. विकणारा म्हणत होता, एकदम क्लिअर. आबांनी उतारा आधी वरून खाली वाचला, मग खालून वर. फेरफार नंबरांभोवती पेनानं गोल केले. पोटखराबा किती ते मोजलं. 'इतर हक्क' या रकान्यापाशी पाच मिनिटं थांबले. तिथं सोसायटीचा बोजा होताच. मग म्हणाले, "वारसाच्या नोंदीत ह्याच्या भैणीचं नाव चढलंय. ते कमी झाल्याची नोंद कुठं दिसंना. म्हंजे तिनं हक्कसोड दिल्यालं नाही. ह्यो एकटा कसा इकतोय?"

मी भडंग चावायचा थांबलो. जे कागदावर नव्हतं, तेच माणसानं वाचलं होतं. शिक्षणशास्त्राची जाड पुस्तकं याला अनुमान म्हणतात आणि आकलनाच्या शिडीवर बऱ्याच वरच्या पायरीवर बसवतात. आबा त्या पायरीवर चप्पल काढून मांडी घालून बसले होते. हेच आबा औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजीही वाचतात. लाल त्रिकोण कुठला, निळा कुठला, फवारल्यावर किती दिवसांनी माल तोडायचा (तोच पीएचआय), सगळं. इंग्रजी येत नाही म्हणतात, पण 'पीएचआय' म्हणजे काय ते त्यांना झोपेतून उठवून विचारा. चुकलं तर युरोपला जाणारा कंटेनर परत येतो, हे त्यांना ठाऊक आहे.

आणि आबाच कशाला? अख्खी सांगली घ्या. पावसाळ्यात दोन ओळींचा निरोप येतो, 'आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ३८ फूट. कोयनेतून विसर्ग वाढवला.' झालं! सातारा जिल्ह्यात धरणाचे दरवाजे वर गेलेत, ते पाणी कऱ्हाडच्या संगमावरून आपल्याकडं यायला किती तास, चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ ला ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा आपल्या जिन्याची कितवी पायरी बुडाली होती, हा सगळा हिशेब नदीकाठची बाई दुधाखालचा गॅस बंद करायच्या आत करते आणि टीव्ही माडीवर चढवते. त्या निरोपात टीव्हीचा उल्लेख नसतो. माडीचाही नसतो. तिला कुणी आकलनाचे वर्ग लावले नव्हते. न कळण्याची किंमत काय, ते तिला माहीत होतं.

एवढंच आहे बघा. न कळण्याची किंमत मोजावी लागते, तिथं माणूस वाचतो. सातबारा न कळला तर जमीन जाते. पूरपातळी न कळली तर टीव्ही जातो. दीपगृहाचा राखणदार न कळला तर? दहापैकी आठ मिळतात.

मराठीत या उताऱ्याची रूपं तरी किती! सातबाऱ्याचा उतारा, विषावरचा उतारा, नजर लागली म्हणून तिकटीवर ठेवायचा उतारा. तिकटीवरच्या उताऱ्याला आपण हात लावत नाही, ओलांडून पुढं जातो. पोरांनी इंग्रजीचा उतारा नेमका त्याच जातीत टाकलाय. लिंबू तेवढं ठेवायचं राहिलंय.

रात्री जेवणं झाल्यावर भाच्याचा मोबाइल जिन्यावरून पडला. काच तडकली. वॉरंटी अजून चार महिने शिल्लक. खोक्यातून एक चौघडी कागद निघाला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, सगळा इंग्रजी. मी म्हटलं, दे इकडं, वाचून सांगतो. त्यानं दिला नाही. स्वतःच घेऊन बसला. एकदा वाचला, दोनदा वाचला. तिसऱ्यांदा ओठ हलवत वाचला. दोन शब्द आबांना विचारले, एक मला. कॅपिटल अक्षरांकडं ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी 'फिजिकल डॅमेज' या शब्दांवर बोट ठेवून बराच वेळ छताकडं बघत बसला आणि हळूच म्हणाला,

"मामा, दुकानात पडला असं सांगायचं नाही."

आबांनी मान डोलावली. घराण्याचं नाव राखलं पोरानं! सोपी माहिती झाली, आडवळणाची झाली, शब्दार्थ झाला, जे लिहिलं नव्हतं तेही वाचून झालं आणि वर स्वतःचं मतही आलं. मत जरा लबाड होतं, त्याबद्दल मी त्याला दोन शब्द ऐकवले. पण क्लासच्या सरांनी दिलेलं नव्हतं, हे काय कमी झालं?

मी ती कृतिपत्रिका पुन्हा पुढं सरकवली. म्हटलं, "शहाण्या, एवढं वाचता येतं तर दीपगृहाचा उतारा असा का नाही वाचत?"

"त्यात माझं काय पडलंय, मामा?"